इंग्रजीचा पेपर, मराठीचं व्याकरण

दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या इंग्रजीच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. मुलं वेगळी, गावं वेगळी, चुका मात्र त्याच. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' 'ही डिड नॉट वेन्ट.' 'वी डिस्कस्ड अबाउट द पिकनिक.' एकमेकांची वही न बघता शेकडो मुलं अगदी तीच चूक करत असतील, तर तिचं कारण आळसात नाही, मुलांच्या डोक्यात आधीपासून पक्क्या बसलेल्या एका व्याकरणात आहे. ते व्याकरण मराठीचं.

इंग्रजी शिकवताना याकडे साधारणपणे दुर्लक्ष होतं. बारा काळांचा तक्ता पाठ करायचा, क्रियापदांची तीन रूपं घोकायची, अपठित उतारे सोडवायचे. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीला बसणारा मुलगा हा तक्ता वर्षानुवर्षं बघत आलेला असतो. तरी 'डिड'नंतर 'वेन्ट' येतंच. त्याला तक्ता येत नाही असं नाही. मराठी वाक्य इंग्रजीत नेताना नेमकं कुठे वळायचं, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. आणि गंमत अशी की काही ठिकाणी इंग्रजीपेक्षा मराठीचाच नियम जास्त उपयोगी पडतो, तेही कुणी सांगत नाही.

आधी पेपराचं थोडक्यात. राज्य मंडळाच्या दहावीला मराठी माध्यमाची मुलं इंग्रजी ही तृतीय भाषा म्हणून घेतात. लेखी 80 गुणांची, तोंडी आणि अंतर्गत 20 गुणांचं. गेली काही वर्षं जी कृतिपत्रिका येते तिच्यात पहिला विभाग भाषाभ्यासाचा, 10 गुणांचा: गाळलेली अक्षरं भरा, शब्द वर्णानुक्रमे लावा, विरामचिन्हं द्या, एका शब्दातून चार शब्द काढा, शब्दसाखळी पूर्ण करा. शेवटी भाषांतराला 5 गुण. व्याकरणाचा वेगळा मोठा प्रश्न नाही. ते उताऱ्याखालच्या कृतींमध्ये विखुरलेलं असतं, आणि पत्र, भाषण, बातमी लिहिताना तर ओळीओळीत असतं. त्यामुळे 'व्याकरण पाच-दहा मार्कांचं, सोडून देऊ' हा हिशेब चुकतो.

'पासून' हा एकच शब्द आणि त्याची दोन इंग्रजी घरं

'मी सोमवारपासून आजारी आहे.' 'मी पाच दिवसांपासून आजारी आहे.' मराठीला दोन्हीकडे 'पासून' चालतो. इंग्रजी मात्र विचारते: तू सुरुवात कधी झाली ते सांगतोयस, की किती काळ झाला ते? सुरुवातीचा बिंदू असेल तर 'सिन्स मंडे', कालावधी असेल तर 'फॉर फाइव्ह डेज'. ओळखायला सोपी युक्ती मराठीतच आहे. वाक्य 'गेले पाच दिवस मी आजारी आहे' असं फिरवता आलं, तर 'फॉर'. 'सोमवारपासून'ला तसं फिरवता येत नाही, म्हणून 'सिन्स'.

त्याच वाक्यात दुसरा सापळा आहे. मराठीत आपण 'मी इथे पाच वर्षांपासून राहतो' असं सरळ वर्तमानकाळात म्हणतो. इंग्रजीत मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला साधा वर्तमान पुरत नाही. तिथे 'आय हॅव लिव्ह्ड' किंवा 'आय हॅव बीन लिव्हिंग' हवं. उलट बाजूला, 'मी तो सिनेमा गेल्या वर्षीच पाहिलाय' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. 'पाहिलाय' म्हणजे 'हॅव सीन' असं जोडून मुलं 'आय हॅव सीन इट लास्ट इयर' लिहितात, आणि तिथे गुण जातो. इंग्रजीत 'लास्ट इयर', 'येस्टरडे', 'इन 2020' असा संपून गेलेल्या काळाचा उल्लेख आला की 'हॅव' हद्दपार. साधा भूतकाळ घ्यायचा, 'आय सॉ इट'. वाक्यात 'आहे' दिसतोय की नाही हे न बघता, काळ संपलाय की नाही ते बघा.

'मला' ने सुरू होणारी वाक्यं

मराठीत ज्याला काही वाटतं, दिसतं, आवडतं तो माणूस बहुतेक वेळा कर्ता नसतोच. 'मला आंबा आवडतो' मध्ये क्रियापद आंब्याकडे बघून चालतं: आंबा आवडतो, चिंच आवडते, आंबे आवडतात. माणूस बिचारा 'मला' होऊन बाजूला उभा. इंग्रजीत हे उलटं होतं. तिथे माणूस पुढे येतो आणि क्रियापद त्याच्याकडे बघतं: 'आय लाइक मँगोज', 'शी लाइक्स मँगोज'.

'मला भूक लागली', 'मला ताप आलाय', 'मला दोन भाऊ आहेत', 'मला उशीर झाला', 'मला पोहता येतं'. या सगळ्यांत मराठीत कर्त्याच्या जागी भूक, ताप, भाऊ, उशीर आहे. इंग्रजीत प्रत्येक वाक्य 'आय' ने सुरू होईल: 'आय ॲम हंग्री', 'आय हॅव अ फीव्हर', 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय ॲम लेट', 'आय कॅन स्विम'. भाषांतराच्या प्रश्नात अशी वाक्यं नेहमी सापडतात. घरी सराव करायचा तर रोज बोलण्यातली 'मला'ची वाक्यं कानावर येतील तशी टिपून ठेवा आणि संध्याकाळी इंग्रजीत माणसाला कर्ता करून लिहा. तक्त्यापेक्षा हे जास्त कामाला येतं असं माझं ठाम मत आहे.

'ने'ची गोष्टही याच जातीची. 'सीमाने पोळी खाल्ली.' मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग, कारण 'खाल्ली' हे पोळीप्रमाणे बदलतं. म्हणून 'ने' दिसला की 'बाय' लिहायचा मोह होतो. पण इंग्रजीच्या दृष्टीने हे सरळ वाक्य आहे: 'सीमा एट द चपाती'. इंग्रजीतला 'पॅसिव्ह' मराठीत शोधायचा असेल तर 'कडून' आणि 'गेला-गेली-गेले' बघा: 'पोलिसांकडून चोर पकडला गेला'. 'द थीफ वॉज कॉट बाय द पोलीस.' प्रयोग ओळखायची सवय चांगलीच, फक्त दोन भाषांचे प्रयोग एकावर एक ठेवू नयेत.

'की'च्या पुढचं वाक्य

'आई म्हणाली की मी उद्या पुण्याला जाणार आहे.' पुण्याला कोण जाणार? आई. मराठीत 'की'नंतर बोलणाऱ्याचे शब्द बऱ्याचदा जसेच्या तसे येतात. माणूस बदलत नाही, काळ बदलत नाही, 'उद्या'चा 'दुसरा दिवस' होत नाही. हेच वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं उचललं, 'मदर सेड दॅट आय ॲम गोइंग टू पुणे टुमॉरो', तर पुण्याला निघालेला माणूस बदलतो: आता ते वाक्य सांगणारा मुलगाच निघालाय.

इंग्रजीत 'दॅट' आला की सगळं सांगणाऱ्याच्या जागेवरून बघायचं. 'आय'ची 'शी' होते, 'ॲम गोइंग'चं 'वॉज गोइंग' होतं, 'टुमॉरो'चा 'द नेक्स्ट डे' होतो. अप्रत्यक्ष कथनाचे ते लांबलचक नियम आहेत ना, 'धिस'चं 'दॅट', 'नाउ'चं 'देन', ते सगळे या एका जागाबदलातून निघतात. जागा कळली की यादी पाठ करावी लागत नाही.

प्रश्नांचंही असंच. मराठीत 'तू जेवलास' हे विधान, त्यात 'का' मिळवला की प्रश्न. शब्दांची जागा हलत नाही. इंग्रजीत प्रश्नासाठी एक साहाय्यक क्रियापद पुढे येऊन बसतं, आणि ते येताना काळाची खूण आपल्याकडे घेतं. 'ही वेन्ट' चा भूतकाळ 'डिड'ने उचलला, मग मागे फक्त 'गो' उरतो: 'डिड ही गो?' 'शी प्लेज' मधला 'एस' 'डझ'ने उचलला, मग 'डझ शी प्ले?' नकारातही तेच. खूण एकच, ती दोघांकडे असू शकत नाही. आणि प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की ही उलथापालथ रद्द होते: 'व्हेअर इज ही?', पण 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज'. एवढं एक पक्कं केलं तर 'नो सूनर डिड ही सी…' सारखी रूपांतरंसुद्धा भीतिदायक वाटत नाहीत. तिथेही 'डिड' पुढे आलाय, म्हणून मागे 'सी', 'सॉ' नाही.

'अ', 'ॲन', 'द': इथे देवनागरी जिंकते

मराठीत उपपदं नाहीत असं आपण सरसकट म्हणतो. पण गोष्ट सांगताना आपण काय करतो? 'एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्यांदा ओळख करून देताना 'एक', मग ओळखीचा झाल्यावर 'त्या'. 'अ किंग' आणि 'द किंग' मधला फरक बहुतांशी एवढाच. वाचणाऱ्याला कुठला राजा ते कळलेलं असेल तर 'द'. सूर्य एकच, म्हणून 'द सन'.

'अ' की 'ॲन' याचा नियम मुलांना 'ए, ई, आय, ओ, यू' असा शिकवला जातो आणि मग 'ॲन युनिव्हर्सिटी' लिहिलं जातं. खरा नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. आणि उच्चार बघायला आपल्याकडे देवनागरी आहे. शब्द जसा बोलतो तसा देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल, म्हणजे अ-आ-इ-ई पासून औ पर्यंतचं, आणि ॲ-ऑ सुद्धा, तर 'ॲन'. व्यंजन असेल तर 'अ'. 'युनिव्हर्सिटी' य पासून, म्हणून 'अ'. 'अवर', म्हणजे तास, लिहिताना 'एच'ने सुरू होतो पण बोलताना अ पासून, म्हणून 'ॲन'. 'ऑनेस्ट मॅन' ला 'ॲन'. 'वन-रुपी कॉइन' ला 'अ'. 'ॲन एमएलए', 'ॲन एसटी बस', पण 'अ यूट्यूब व्हिडिओ'. शब्दाचा उच्चार बरोबर माहीत असला की ही कसोटी फसत नाही.

जाता जाता विरामचिन्हांचं. पूर्णविराम, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं ही आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरूनच आली आणि त्यांचं श्रेय इंग्रज कोशकार मेजर कँडी यांना दिलं जातं. त्यामुळे ती बहुतेक सारखीच चालतात. गुण जातात ते मोठ्या अक्षरांवर, कारण देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही. वाक्याची सुरुवात, माणसांची आणि गावांची नावं, वार-महिने, आणि 'मी' या अर्थाचा 'आय'. उत्तर लिहून झालं की फक्त यासाठी एकदा नजर फिरवा.

शब्द एकटे पाठ करू नका

शब्दाचा अर्थ येतो, पण त्याच्या शेपटीला काय लागतं ते येत नाही, ही आपल्याकडची मोठी अडचण. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागे चिकटतात, इंग्रजीत ती वेगळी होऊन पुढे उभी राहतात, आणि निवडही वेगळी असते. आपण एखाद्या'वर' रागावतो, इंग्रजीत 'अँग्री विथ'. आपण गणिता'त' हुशार, तिथे 'गुड ॲट मॅथ्स'. लग्न एखाद्या'शी' होतं, तिथे 'मॅरिड टू'. एखाद्या विषया'वर' चर्चा करतो, तिथे काहीच नाही: 'वी डिस्कस्ड द प्लॅन'. कधी मात्र दोन्ही जुळतात, 'डिपेंड ऑन' म्हणजे 'वर अवलंबून', आणि नेमके त्यामुळेच आपण बाकी ठिकाणी बेसावध होतो. वहीत शब्द लिहिताना 'अफ्रेड' एवढाच लिहू नका, 'अफ्रेड ऑफ डॉग्ज' असा आख्खा तुकडा लिहा.

मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द हा आणखी एक चकवा. आपण वडापाव खातो ते 'हॉटेल'. इंग्रजीत 'हॉटेल' म्हटलं की मुक्कामाची जागा डोळ्यापुढे येते, जेवणाची जागा 'रेस्टॉरंट'. आपलं 'पार्सल' म्हणजे बांधून घेतलेलं जेवण, इंग्रजीत ते टपालाचं पुडकं. 'लाइट गेली' याचं 'द लाइट वेन्ट' करून चालत नाही, 'देअर वॉज अ पॉवर कट' म्हणावं लागतं. आपण सर्रास वापरतो तो 'टाइमपास' तर परीक्षेत लिहूच नये.

एका शब्दातून कुटुंब उभं करायचा सराव भाषाभ्यासाच्या विभागाला थेट उपयोगी आहे. मराठीत 'सुख' पासून सुखी, असुख, सुखद होतं, तसंच 'हॅपी' पासून 'अनहॅपी', 'हॅपिली', 'हॅपिनेस'. एक शब्द भेटला की त्याचं नाम, विशेषण, क्रियाविशेषण आणि उलट अर्थ शोधायचा. शब्दसाखळीत नामं, क्रियापदं, विशेषणं पटापट आठवावी लागतात. ही सवय तिथे हात देते.

उच्चार: इंग्रजीचा संधी

स्पेलिंग आणि उच्चार जुळत नाहीत म्हणून आपण इंग्रजीला नावं ठेवतो. त्याला इतिहास आहे. विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने 1476 साली इंग्लंडात छापखाना आणला, स्पेलिंगं हळूहळू ठरत गेली, आणि उच्चार मात्र बदलत राहिले. 'नाइट' (म्हणजे सरदार, रात्र नव्हे), 'नी', 'नाइफ' मधला 'के' एके काळी खरंच बोलला जायचा. 'डेट', म्हणजे कर्ज, यातला 'बी' तर लॅटिन मूळ दाखवण्यासाठी पंडितांनी मागाहून घातलेला. तो त्या शब्दात इंग्रजांनी कधी उच्चारलाच नाही. तसं म्हटलं तर मराठीही धुतल्या तांदळासारखी नाही. 'घर' लिहितो आणि 'घर्' वाचतो. 'चाक'मधला च आणि 'चिमणी'तला च वेगळे, पण अक्षर एकच. आपल्याला ते खटकत नाही, कारण नियम अंगवळणी पडलाय.

इंग्रजीतलेही काही नियम असे आहेत, आणि त्यातला सगळ्यात कामाचा आपण मराठीच्या तासाला शिकून बसलोय. कठोर आणि मृदू व्यंजनं आठवा. क, ट, प, फ, स, श ही कठोर. ग, ड, ब, ल, म, न, र ही मृदू. संधी शिकताना विपद् आणि काल मिळून 'विपत्काल' होतो. कठोर क शेजारी आला म्हणून द् चा त् झाला. वाक् आणि विहार यांचा 'वाग्विहार' होतो, तिथे उलट.

आता भूतकाळाचा 'ईडी' बघा. 'वॉक' क वर संपतो, कठोर, म्हणून 'वॉक्ट'. 'जंप'चं 'जंप्ट', 'लाफ'चं 'लाफ्ट', 'वॉश'चं 'वॉश्ट'. शेवट मृदू असेल किंवा स्वराचा असेल तर 'ड': 'कॉल्ड', 'क्लाइम्ड', 'प्लेड'. क्रियापद ट किंवा ड वरच संपत असेल तर दोन सारखे आवाज एकमेकांवर आदळतील, म्हणून मध्ये एक स्वर येतो: 'वॉन्टिड', 'नीडिड'. अनेकवचनाचा 'एस' याच वाटेने जातो. 'बुक्स', 'कप्स', 'कॅट्स' मध्ये स. 'डॉग', 'बॅग', 'पेन' यांच्या पुढे तोच 'एस' मृदू होऊन झ कडे झुकतो. आणि 'बस', 'वॉच', 'डिश' अशा सी-सी करणाऱ्या शब्दांना 'इझ' लागतो. फरक एवढाच की आपल्या या संधींत पुढचं अक्षर मागच्याला बदलतं, इथे मागचं पुढच्याला. 'वॉक-एड', 'जंप-एड' असं वाचणाऱ्या मुलाला ही एक गोष्ट सांगितली की बहुतेक भूतकाळ सुधारतात.

काही आवाज मात्र मराठीत नाहीत आणि ते तोंडालाच शिकवावे लागतात. आपला व इंग्रजीतल्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांच्या अधेमधे कुठेतरी आहे. 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवायचे; 'वेस्ट' म्हणताना दात लांब, ओठांचा चंबू. 'झू' किंवा 'झीरो' मधला आवाज काढायला 'जहाज'मधल्या ज पासून सुरू केलं तर फसतं, कारण तिथे जीभ वर टेकते. त्यापेक्षा लांबट 'स्स्स' म्हणत राहा आणि घशातून आवाज मिसळा. जीभ कुठेच न टेकता तो हवा तो आवाज निघतो.

मग आघात. मराठी शब्दात सगळी अक्षरं साधारण सारख्या जोराने येतात. इंग्रजीत एकावर जोर पडतो आणि बाकीची दबून जातात. 'फोटोग्राफ' मध्ये जोर 'फो'वर. 'फोटोग्राफर' झाला की तो 'टॉ'वर सरकतो आणि शब्द ऐकू येतो 'फटॉग्रफर'. 'प्रेझेंट' नाम असताना पहिल्यावर जोर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. दबलेले स्वर बहुतेक वेळा आपल्या साध्या 'अ'कडे जातात, आणि हा अ तर आपल्या मुळाक्षरांतला पहिलाच. मोबाइलवरच्या शब्दकोशात शब्दाशेजारी स्पीकरची खूण असते; ती दाबून ऐकताना अक्षरं मोजण्यापेक्षा जोर कुठे पडला ते ऐका.

तोंडी परीक्षेच्या वेळी मुलं सगळ्यात जास्त घाबरतात ती उच्चाराला, आणि मग इंग्लंड-अमेरिकेच्या लकबीची नक्कल करायला जातात. त्याची गरज नाही. 'थिंक' आपल्या थ ने म्हटलंत तरी कळतं. तो 'टिंक' झाला नाही म्हणजे झालं. रोज पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचा आणि फोनवर रेकॉर्ड करा. पुस्तक जवळ नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ मोफत मिळते. रेकॉर्डिंग ऐकताना पाच-सहा वाक्यांत कान फक्त 'ईडी' आणि 'एस' वर ठेवा, दुसऱ्या दिवशी फक्त आघातावर. सगळं एकदम सुधारायला गेलं की काहीच ऐकू येत नाही. लेखी सरावातही तसंच: पत्र किंवा बातमी लिहून झाली की पहिल्या वाचनात फक्त क्रियापदं बघा, दुसऱ्यात 'अ-ॲन-द', तिसऱ्यात मोठी अक्षरं. लेखी परीक्षेत शेवटची दहा मिनिटं या तीन फेऱ्यांसाठी राखून ठेवा. सुशोभित अक्षरात ओळी रेखण्यापेक्षा तिथे जास्त गुण परत मिळतात.